खंदारे सरांची बुधवारची इंग्रजी

इंग्रज माणूस कशाला हसतो असं मला कोणी विचारलं, तर मी चार गोष्टी सांगतो: पँट, सासू, पाद्री आणि छत्री. हे ज्ञान मला पुस्तकातून मिळालेलं नाही. उभ्या जन्मात मी इंग्रज पाहिलेला नाही. हे संशोधन आमच्या शाळेतल्या खंदारे सरांचं. परभणी जिल्ह्यात, बोरीच्या पुढं सहा किलोमीटरवर आमचं गाव, तिथल्या ग्रामपंचायतीच्या फरशीवर बसून त्यांनी ते एका वर्षात पुरं केलं आणि त्यापायी अर्ध्या गावाची झोप मोडली.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचं साल असेल. मी त्या शाळेत गणित आणि शास्त्र शिकवायचो, खंदारे सर मराठी आणि इतिहास. अंगानं किरकोळ माणूस. पण शर्ट असा पांढरा आणि कडक, की शर्ट पुढं चाललाय आणि सर त्याच्या मागं, असं वाटावं. तांब्यात निखारे घालून ते स्वतः इस्त्री करायचे. गावाच्या पूर्वेला भीमनगर, तिथलेच ते, आणि त्या वस्तीतले पहिले बी.ए. नामांतराच्या सत्याग्रहात आठ दिवस तुरुंगात राहून आले होते. लोक तुरुंगातून खरूज घेऊन येतात, सरांनी तिथूनसुद्धा तीन इंग्रजी शब्द आणले होते: वॉर्डन, पॅरोल आणि रोल-कॉल. ते तिन्ही शब्द ते शाळेतच वापरायचे आणि तिथं ते चपखल बसायचे.

इतिहास शिकवण्याची त्यांची एक तऱ्हा होती. लढाई सुरू झाली की तास संपेपर्यंत ते कोणाला मरू द्यायचे नाहीत. घंटा झाली तरी दोन्हीकडचे सरदार घोड्यावर, तलवारी वर. पोरं ओरडायची, "सर, पुढं काय झालं?" सर खडू झटकून म्हणायचे, "मारायला उद्याचा तास हाय." त्यामुळं इतिहासाच्या तासाला आमच्या शाळेत कधी गैरहजेरी नसे. बाकीच्या तासांना ती कसर भरून निघायची.

इंग्रजीच्या तासाला तर मास्तरच गैरहजर. इंग्रजीचे मास्तर आमच्या गावात यायचे, पाण्याचा हापसा बघायचे, खोली बघायचे, खोलीला संडास कुठंय विचारायचे आणि त्याच एस.टी.नं परत जायचे. दोन वर्षं दहावीचा इंग्रजीचा निकाल शून्य लागला. मग संस्थेचं पत्र आलं: यंदाही असंच झालं तर दहावीचा वर्ग बंद, पोरांनी जिंतूरला जावं. पोरं गेलीही असती सायकल मारत. पण वर्गातल्या चौदाजणांत सहा मुली होत्या, आणि नापास होऊन वर्गही गेला, की त्या सहाजणींची शाळा तिथंच संपणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

हेडमास्तरांनी बैठक घेतली. "इंग्रजी कोण घेतं?" आम्ही चौघं छताच्या पत्र्याकडं बघायला लागलो. माझी नजर तर पत्र्याच्या एका भोकावर इतकी खिळली की ते भोक मला अजून आठवतं.

"मी घेतो," खंदारे सर म्हणाले.

"तुम्हाला येतं का?"

"न्हाई. पर पोरान्ला बी येत न्हाई. संगट शिकू."

हेडमास्तरांनी लगेच वेळापत्रकात नाव लिहून टाकलं.

सरांकडं भांडवल होतं एक शब्दकोशाचं. त्याची पहिली पानं वाळवीनं खाल्लेली, त्यामुळं ए आणि बीपासून सुरू होणारा कोणताच शब्द आमच्या गावात कोणाला कळत नसे. सी पासून पुढं मात्र सगळं ठीक होतं. पण कोश बोलत नाही, आणि सरांना इंग्रजी ऐकायची होती. गावात इंग्रजी बोलणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे ग्रामपंचायतीचा टीव्ही.

हा टीव्ही लाकडी कपाटात असायचा. कपाटाला कुलूप आणि कुलपाची किल्ली पंचायतीचा शिपाई गंगाराम याच्या करदोड्याला. रात्रीच्या मराठी बातम्या संपल्या की तो कपाट लावून घ्यायचा. आणि बुधवारी रात्री बऱ्याच उशिरा, सगळं गाव झोपल्यावर, दूरदर्शनवर एक विलायती विनोदी मालिका लागायची. सरांना ही खबर परभणीच्या एका पाहुण्याकडून लागली. त्यांनी गंगारामला गाठलं.

"इंग्रजी बगून काय करता सर? माजा डोळा लागायलाय तवा."

"मग तू झोप की. किल्ली दे."

"किल्ली आंगावरून निगत न्हाई. सरपंचाचा हुकूम हाय."

तोड अशी निघाली की बुधवारी गंगारामनं टीव्हीपुढंच अंथरूण टाकायचं, आणि मालिका संपली की सरांनी त्याला हलवायचं. पहिल्या बुधवारी आम्ही तिघं होतो. सर, त्यांचा शब्द मोडवेना म्हणून आलेला मी, आणि घोरणारा गंगाराम. आमच्या गावापर्यंत चित्र नीट पोचत नसे, पडद्यावर कायम पांढरे ठिपके भुरभुरायचे. पण इंग्लंडात बर्फ पडतंच, म्हणून त्या मालिकेला ते शोभून दिसायचं.

मालिका अशी: एक टकला मालक, त्याची उंच बायको, बायकोची आई आणि त्यांच्या घरात राहणारा एक लांब मानेचा तरुण. हे चौघं बोलायचे आणि मधूनमधून न दिसणारी माणसं खो खो हसायची. ते हसणारे कुठं बसलेत हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. पण सरांनी त्या हसण्यावरच आपली पद्धत उभी केली. वाक्य फार जोरात जातं, धरता येत नाही. मात्र हसू आलं की त्याच्या आधीचा शब्द धरायचा आणि वहीत लिहायचा. "एवढी मान्सं हासायलीत म्हंजे तो शब्द कामाचाच आसनार," हा त्यांचा तर्क. तर्कात मला खोट दिसेना. फक्त त्यामुळं सरांची आणि पुढं आमच्या दहावीची शब्दसंपत्ती जरा एकांगी झाली. 'शेतकरी', 'पाऊस', 'बैल' यांना इंग्रजीत काय म्हणतात हे त्यांना माहीत नव्हतं. पण ट्राउझर्स, व्हिकर म्हणजे पाद्री, अम्ब्रेला, सूप, मदर-इन-लॉ हे पाठ होते.

"इंग्रज मानूस पँटवर लय हासतो," महिन्याभरानं सरांनी निष्कर्ष सांगितला. "पँटीत हासन्यासारकं काय हाय, सर? हितं अर्द्या गावाला पँटच न्हाई."

नवा शब्द आला की लगेच कोश उघडायचा नाही, हा त्यांचा दुसरा नियम. ते म्हणायचे, "शब्द म्हंजे पाव्हना. आल्या आल्या कोन गाव, काय काम, आसं इचारायचं न्हाई. आदी बसू द्यायचं, पानी द्यायचं." म्हणजे तीन दिवस तो शब्द जमेल तिथं वापरून बघायचा, मग चौथ्या दिवशी अर्थ पाहायचा. 'रिडिक्युलस' हा शब्द बुधवारी आला. शनिवारपर्यंत तो सरपंचाच्या बैलाला, बोरीच्या एस.टी.ला, घरच्या वरणाला आणि हेडमास्तरांच्या एका परिपत्रकाला लावून झाला. रविवारी कोश उघडला, अर्थ निघाला 'हास्यास्पद'. सर खूश: "चारी ठिकानी बसला की ओ!" एकदा रजेच्या अर्जाच्या शेवटी त्यांनी 'आपला विश्वासू' ऐवजी 'चीअरिओ', म्हणजे विलायती टाटा, लिहिलं. हेडमास्तरांना वाटलं सरकारनं नवीन काही काढलं असेल. त्यांनी खाली सही करून रजा मंजूर केली.

असं आमचं तिघांचं बरं चाललं होतं. पण रात्री पंचायतीतून हसण्याचा आवाज यायला लागल्यावर एका बुधवारी शेषराव अण्णा काठी टेकत आले. अण्णा म्हणजे सरपंचाचे चुलते, सत्तरीचे, गावातले मोठे जमीनदार. झोप येत नसे. धाकट्या भावाशी त्यांचा शेताच्या वाटणीवरून जिंतूरच्या कोर्टात इतकी वर्षं दावा चालू होता की दोघांचे पहिले वकील वारले होते.

"येवड्या राती कोन हासायलंय?" म्हणत ते आत आले आणि पंचायतीतल्या हात असलेल्या एकुलत्या एका खुर्चीत बसले. थोडा वेळ पडद्याकडं पाहिलं. तिकडं हशा झाला.

"सर, हे कामून हासायलेत?"

आता इथं खंदारे सर कुठं बसले होते हे सांगायला पाहिजे. ते उंबऱ्याच्या आत, दाराला चिकटून बसले होते. टीव्ही आल्यापासून भीमनगरातली माणसं तो खिडकीबाहेरच्या ओट्यावरून बघायची. असा ठराव कोणी केलेला नव्हता, आणि ठराव नव्हता म्हणून तो मोडताही येत नव्हता. सर मास्तर, म्हणून त्यांना दाराच्या आतली जागा मिळाली होती. "सर, हितं बसा, वारं लागंल," असं पहिल्याच दिवशी कोणीतरी प्रेमानं म्हणालं होतं. थंडीच्या दिवसांतही त्यांना तिथंच वारं लागत राहिलं.

तर अण्णांनी विचारलं. मला ठाऊक होतं की दहा वाक्यांतला एखादा शब्द त्यांच्या हाती लागतो. पण ते म्हणाले, "अण्णा, तो लांब मानेचा हाय ना, तो टकल्याचा चुलत भाऊ हाय. वाटनी मागायला आलाय."

अण्णा खुर्चीत पुढं सरकले. "इंग्लंडात बी वाटन्या हुतात का?"

"हुतात की. मान्संच हाईत ती बी."

"मग द्येत न्हाई का टकल्या?"

"तेच तर. सासू आडवी यायली."

त्या रात्री परतताना मी सरांना विचारलं, "तो चुलत भाऊ आहे हे तुम्हाला कुठून कळलं?"

"कळालं न्हाई," सर म्हणाले. थोडं चालून गेल्यावर थांबले. "सर, येकदा का मला समजत न्हाई म्हनलं, की मग म्हंतेत, मग तुमी हितं बसून काय करायलात? उद्या वर्गात बी तेच. माजं जाऊ द्या, त्या सा पोरी कुटं जातील?"

 

पुढच्या बुधवारी अण्णा दोघांना घेऊन आले, त्याच्या पुढच्या बुधवारी दहा जण. इतिहासात कोणालाच मरू न देणाऱ्या माणसाच्या हाती आता एक अख्खं इंग्लंड सापडलं होतं. टकल्याचा वकील फितूर झाला, सासूनं कागद चुलीत घातले, लांब मान्यानं देवळात शपथ घेतली. पडद्यावर ती सगळी मंडळी बहुधा चहा पीत असत. गावात दोन तट पडले. ज्यांच्या घरात वाटणी झाली होती ते टकल्याच्या बाजूचे, व्हायची होती ते लांब मान्याचे. अण्णा रात्रभर तळमळून सकाळी शाळेच्या फाटकात यायचे आणि विचारायचे, "सर, सातबाऱ्यावर नाव कुनाचं हाय पर?"

दारातून सरांचा आवाज पुढं पोचेना. अण्णा ओरडले, "सर, जरा म्होरं या." सर दोन हात पुढं आले. पुढच्या आठवड्यात आणखी दोन हात. पंख्याची खडखड फार होती आणि अण्णांचा एक कान अधू, त्यामुळं दीड महिन्यात सर टीव्हीच्या शेजारी पोचले. मग कोणीतरी त्यांना शाळेतली खुर्ची आणून दिली. तिथं बसल्यावर सरांनी पहिली गोष्ट केली ती ही, की खिडकीबाहेरच्या ओट्यावर बसलेल्या आपल्या दहावीतल्या चार पोरांना हाक मारली.

"ए, आत या. हा वर्ग हाय. वर्ग खिडकीतून करत न्हाईत."

पोरं आत आली. कोणीतरी मागं खाकरलं. पण त्याच वेळी पडद्यावर सासू आली आणि अण्णा म्हणाले, "श्शू!" पुढच्या बुधवारी सरांनी सगळ्या चौदाजणांना बोलावलं. मुली रात्री एकट्या कशा येतील, म्हणून त्यांच्या आया आल्या. आया आल्या म्हणून चुलत्या आल्या. शेवटी इतकी गर्दी व्हायला लागली की कोणाचा गुडघा कोणाच्या गुडघ्याला लागतोय हे बघायला जागाच उरली नाही. मी या गावात सहा वर्षं काढली. ज्या माणसांना मी एका हापशावर कधी पाहिलं नव्हतं, ती एका सतरंजीवर बसून एका इंग्रजाच्या सासूला शिव्या देताना मी पाहिली.

आणि पोरं शिकत होती. कशी, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मालिकेतले लोक जे बोलायचे ते पोरं हातवाऱ्यांसकट उचलायची. मला एकदा वर्गात जाताना मीरा नावाच्या मुलीनं दार उघडून धरलं आणि मान तिरकी करून "आफ्टर यू" म्हणाली. मी इतका गांगरलो की तिला थँक्यू म्हणायच्या ऐवजी गृहपाठ दाखव म्हणालो.

जानेवारी संपत आला तेव्हा परभणीहून शिक्षण खात्याचे एक साहेब तपासणीला आले. दहावीचा वर्ग ठेवायचा की नाही याचा शेरा त्यांच्या हातात होता. आले उशिरा, एस.टी. पंक्चर झाल्यामुळं. तपासणी सकाळी करू म्हणाले आणि मुक्कामाला अण्णांच्या घरी राहिले. वार बुधवार होता.

जेवण झाल्यावर अण्णांनी साहेबांना मोठ्या अभिमानानं पंचायतीत आणलं. स्वतःची खुर्ची दिली. "आमचे खंदारे सर काय इंग्रजी सांगतेत, आयका एकदा." मी सरांकडं पाहिलं. त्यांच्या शर्टाची इस्त्री तेवढी जागेवर होती, बाकी चेहऱ्यावरचं सगळं उतरलं होतं.

मालिका सुरू झाली. साहेबांना इंग्रजी खरंच येत होतं. ते त्या न दिसणाऱ्या माणसांच्या आधी हसायचे. अख्खी पंचायत वळून त्यांच्याकडं बघायची. पडद्यावर सासूनं एक डबा उघडला. अण्णा म्हणाले, "सर, काय म्हनायली ती?"

सर हळू म्हणाले, "म्हंती, मृत्युपत्र ह्या डब्यात न्हाई."

साहेबांनी सरांकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं, परत सरांकडं पाहिलं. अण्णांच्या ते लक्षात आलं. "कामून साहेब? बराबर सांगायलेत न्हवं आमचे सर?"

"अहो, मृत्युपत्र कसलं," साहेब हसत म्हणाले. "ती म्हणतेय, डब्यातली बिस्किटं कोणी खाल्ली."

"आन् वाटनीचं?"

"वाटणी? तो मुलगा भाडेकरू आहे त्यांचा. चुलत भाऊ नाही काही."

पंचायतीत अशी सामसूम झाली की गंगाराम जागा झाला. मग अण्णांनी काठी आपटली. "साहेब, तुमी आज आलात. आमी चार म्हैने झाले बगायलोत."

"हा तर," मागून कोणीतरी म्हणालं. "आन् कोर्टाची तारीख? ती काय बिस्किटाची हुती का?"

सगळे साहेबांवरच उलटले. साहेब बिचारे दोन्ही हात वर करून म्हणाले, "मी ऐकलं ते सांगितलं." त्या घटकेला खंदारे सर नुसते गप्प बसले असते तरी निभावलं असतं. गाव त्यांच्या बाजूला होतं, आणि साहेबांनाही ते हसण्यावारी न्यायचं होतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बसा, सर, गप बसा. सर उठून उभे राहिले.

"अण्णा, साहेब खरं बोलायलेत," ते म्हणाले. "मला समजत न्हवतं. मी माज्या मनानं सांगत हुतो."

"सगळंच?"

"सगळंच. न्हाई म्हनलं आसतं तर मला परत दारात बसावं लागलं आसतं. आन् ही लेकरं खिडकीत. म्हनून सांगत गेलो. माफी करा."

दहावीतल्या पोरांनी माना खाली घातल्या. मागून दोघं-तिघं उठून गेले. "चार म्हैने फशिवलं की," एकजण जाता जाता म्हणाला, आणि दुसऱ्यानं जे म्हटलं ते मी इथं लिहीत नाही. ते त्या माणसाच्या घरच्यांनी वाचू नये असं मला वाटतं. अण्णा काठीच्या मुठीवर हनुवटी ठेवून बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले. तिथं अजून बिस्किटं शोधणं चालू होतं.

"ह्याच्यात काय राम हाय?" शेवटी ते म्हणाले. "बिस्किटासाठी येवडी मान्सं हासायलीत व्हय? सर, तुमचंच बरं हुतं." मग म्हणाले, "बसा खाली. संपू तर द्या."

सर बसले. कुठं बसायचं हे त्यांना क्षणभर कळलं नाही, पण खुर्ची मागंच होती.

सकाळी साहेब वर्गात आले. रात्रभर आम्हाला झोप नव्हती. हेडमास्तरांनी तर नवस बोलून घेतला होता. साहेबांनी पहिल्या बाकावरच्या मीराला इंग्रजीत विचारलं, तुझं नाव काय. मीरा उभी राहिली, एक भुवई वर नेली आणि म्हणाली, "आय बेग युअर पार्डन?"

साहेबांनी दचकून प्रश्न पुन्हा विचारला. तिनं नाव सांगितलं आणि पुढं, कोणी न विचारता, "वुड यू केअर फॉर अ चेअर, सर?" असं म्हणून खुर्ची पुढं केली. साहेब बसले. मग एकेकाला विचारत गेले. व्याकरणाचा आनंदच होता. पण आमच्या पोरांबद्दल कधी न ऐकलेली गोष्ट त्या दिवशी झाली: साहेब इंग्रजीत बोलत होते आणि पोरं पळून जायच्या ऐवजी उत्तर देत होती, कोणी कमरेवर हात ठेवून, कोणी मान झटकून. शेवटच्या बाकावरचा एक पोरगा साहेबांच्या पँटबद्दल काही बोलणार होता, त्याला मी खिडकीतूनच दटावलं.

साहेबांनी शेरा काय लिहिला ते आम्हाला दाखवलं नाही. फक्त जाताना खंदारे सरांना म्हणाले, "क्रियापदं शिकवा. नुसत्या नामांवर किती दिवस काढणार?" आणि आपल्या पिशवीतलं व्याकरणाचं एक पुस्तक त्यांना देऊन गेले.

त्यानंतर बुधवार बदलला. सर पुस्तक आणि कोश मांडीवर घेऊन बसायचे आणि अण्णांनी विचारलं की खरं तेच सांगायचे: "हे कळालं. हे न्हाई कळालं. ह्याच्यातलं अर्दं कळालं." गर्दी निम्म्यानं घटली. अण्णा मात्र यायचे आणि दर आठवड्याला तक्रार करायचे, "सर, तुमी शिकल्यापून मज्जा गेली." पोरं हलली नाहीत. मार्चपर्यंत ती तिथंच बसून क्रियापदं लिहीत होती, आणि कोण कुठं बसतंय यावर खाकरणारे एव्हाना घरी झोपलेले असायचे.

निकाल लागला तेव्हा चौदांतले नऊ जण इंग्रजीत सुटले, त्यात मुली पाच. दहावीचा वर्ग राहिला. अण्णांनी स्वतः पेढे वाटले आणि शाळेच्या फाटकात उभं राहून सगळ्यांना सांगितलं की ही सगळी बिस्किटाची किमया. सर मीराच्या गुणपत्रिकेकडं इतका वेळ बघत राहिले की ती म्हणाली, "सर, परत द्या की आता." सर हसायला गेले आणि त्यांना रडू आलं. मीही मग पत्र्याकडं बघितलं.

निकाल चांगला लागला याचं बक्षीस म्हणून संस्थेनं जूनमध्ये इंग्रजीचे खरे मास्तर पाठवले. एम.ए., बी.एड., वय चोवीस-पंचवीस. या वेळी ते संडास असलेली खोली मिळेपर्यंत थांबले, कारण ती खोली अण्णांनी दिली. खंदारे सर परत इतिहासाकडं गेले. मला राग आला होता. मी त्यांना म्हणालो, "तुम्ही वर्ग वाचवला आणि तुमच्याच हातून काढून घेतला." सर शर्टाची बाही नीट करत म्हणाले, "वर्ग वाचवायचा हुता, सर. माजा तास न्हाई."

त्याच महिन्यात माझी बदली सेलूला झाली. निघायच्या दिवशी वळकटी आणि ट्रंक फाटकापाशी ठेवून मी शाळेला एक फेरी मारली. दहावीच्या वर्गात नवे मास्तर फळ्यावर काही लिहीत होते. खंदारे सरांचा तो तास मोकळा होता. ते शेवटून दुसऱ्या बाकावर दोन पोरांच्या मधे बसले होते, गुडघे बाकात मावत नव्हते म्हणून तिरके. नव्या मास्तरांनी काहीतरी समजावून सांगितलं आणि विचारलं, कळलं का? सगळ्या वर्गानं एका सुरात हो म्हटलं.

खंदारे सरांनी हात वर केला. मग पोरं उभी राहतात तसे ते उभे राहिले, हाताची घडी घातली आणि सावकाश, एकही शब्द न अडखळता, अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "सर, आय डिड नॉट अंडरस्टँड. प्लीज से इट अगेन."

नव्या मास्तरांनी खडू उचलला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. बोरीकडं जाणारी एस.टी. फाटकापाशी येऊन थांबली होती.